ज्याचा त्याचा पट्टा

पैलवानाला आत नेऊन पाऊण तास झाला तरी बाहेर कोणी काही सांगायला आलं नव्हतं. दवाखान्यातल्या त्या लांबट खोलीत निळ्या खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या, आणि जागा भरपूर असूनही घरातली चारही माणसं एकाच रांगेत बसली होती. एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला मिस्त्री, मधे मिस्त्रीण आणि तिची लेक. या घरात भांडण झालं की बसायची पद्धत हीच: भांडणारे दोन टोकांना आणि समजूत घालणारे मधे. आज फक्त कोणाचं भांडण कोणाशी आहे ते ठरायचं होतं.

काकूनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. पैलवान तिचा नवरा, मिस्त्रीचा धाकटा भाऊ. लग्नाला वीस वर्षं झाली, त्याला साधी सर्दी झालेली तिनं पाहिली नव्हती. आज शिवणाचं मशीन अर्ध्यावर सोडून, गळ्यात मोजायची टेप तशीच लोंबत ठेवून, ती त्याला स्ट्रेचरवर बघायला धावत आली होती. दोष कोणाला तरी द्यायलाच हवा होता, आणि पुतणी शेजारच्याच खुर्चीत आयती सापडली.

"तीन आठवडे माणसांच्या हाताला पट्टे बांधलेस," काकू म्हणाली. "कुत्र्याला बांधतात तसे. माणूस आडवा होईपर्यंत त्यातला एक तरी बोलला का?"

पुतणी गप्प राहिली. एरवी ती गप्प राहणाऱ्यातली नव्हती. बांधकामावरची सबंध टोळी तिला 'सेफ्टीबाई' म्हणायची ते साइटवर सुरक्षा बघायच्या तिच्या हुद्द्यामुळे जितकं, तितकंच तिच्या तोंडामुळे. हेल्मेटचा बंद सैल दिसला तर ती बापालाही चारचौघांत सुनवायची. आज तिनं काकूकडे बघितलं, मग पलीकडच्या टोकाला बसलेल्या बापाकडे बघितलं आणि खाली फरशीवर नजर लावली. काकूला वाटलं, पोरीला लाज वाटली. मिस्त्रीला मात्र नेमकं माहीत होतं की ती कशासाठी थांबली आहे.

टोळीचं आणि त्या पट्ट्यांचं पहिल्या दिवसापासूनच जमलं नव्हतं. सव्वीस माणसं आणि सव्वीस काळे पट्टे. सकाळी साइटच्या ऑफिसात आपापल्या नावाखालच्या खिळ्यावरून पट्टा काढायचा, मनगटावर बांधायचा, संध्याकाळी परत तिथंच टांगायचा. पट्टा नाडी मोजायचा, अंगाचा ताप मोजायचा, उन्हात जास्त वेळ झाला तर थरथरून सावलीत बसायला सांगायचा, माणूस कोसळला तर ओरडायचा, आणि हे सगळं सेफ्टीबाईच्या फोनवर कळवायचा. हे शेवटचं काही टोळीच्या घशाखाली उतरत नव्हतं. कोण किती वेळ बसला, कोण दमतो, कोणाचं वय झालं, हे आता कंत्राटदाराला बसल्या जागी कळणार, असा सगळ्यांचा पक्का समज. सेफ्टीबाई समजावायला उभी राहायची, पण दोन वाक्यांनंतर तिच्या तोंडून नियम सुरू व्हायचे आणि ऐकणारे हेल्मेट चढवून उठायचे. शेवटी ऑफिसच्या भिंतीवर कागद लागला: दुसऱ्याचा पट्टा वापरणाऱ्याला साइटवर प्रवेश बंद. खाली सही तिचीच होती.

मिस्त्रीला त्या कागदाची भीती नव्हती, खुर्चीची होती. त्याच्या बापानं तीस वर्षं परांचीवर काढली. एकदा वर चक्कर आली म्हणून त्या वेळच्या मुकादमानं त्याला खाली उतरवला आणि गेटवरच्या खुर्चीत बसवला. गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं. अकरा वर्षं म्हातारा तेच करत राहिला आणि घरी आल्यावर बोलायचा तो फक्त वरच्या कामाबद्दल, तेही कोणी ऐकत असलं तर. मिस्त्री आता एकोणसाठचा होता. गेल्या महिन्यात शिडी उतरताना त्याला गरगरलं होतं, आणि एकदा नाही, चारदा. त्यानं हे दोघांनाच सांगितलं होतं, बायकोला आणि भावाला.

सेफ्टीबाईच्या डोळ्यांपुढून सकाळ हलायला तयार नव्हती. गेले तीन आठवडे रोज दुपारी बापाच्या नावापुढचे आकडे चढत होते. नाडी एकशे चाळीस, कधी एकशे पन्नास. तिनं त्याला तीनदा सांगितलं, बाबा, डॉक्टरकडे चला. तो तिन्ही वेळा हसला. परवा तिनं मन घट्ट करून त्याला सहाव्या मजल्यावरून काढलं आणि तळमजल्यावर खांबांच्या सेंटरिंगला, साचे उभारायला लावलं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं, निरोप आईमार्फत चालले होते.

आज साडेअकराला फोन थरथरला. बापाच्या नावापुढे लाल खूण, ताप चाळीस सेल्सिअसच्या वर, हालचाल बंद. तिनं धावता धावताच ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि तळमजल्यावर पोचली, तर बाप धडधाकट उभा. तोंडात दोन खिळे, हातात ओळंबा, एक डोळा मिटून खांबाची पेटी सरळ आहे का ते बघत होता.

"बाबा, तुमचा पट्टा," एवढंच ती बोलू शकली.

मिस्त्रीनं खिळे थुंकले, ओळंबा टाकला आणि जिन्याकडे धाव घेतली. ती त्याच्या निम्म्या वयाची, तरी तिसऱ्या मजल्यानंतर तिला त्याची फक्त पावलं ऐकू येत होती. सहाव्यावर ब्लॉकच्या थप्पीमागे पैलवान एका कुशीवर कलंडला होता. कातडी कोरडी, डोळे अर्धे मिटलेले, आणि मनगटावरचा पट्टा केव्हाचा ओरडत होता. पलीकडे काँक्रीटच्या व्हायब्रेटरच्या घरघरीपुढे तो कोणालाच ऐकू गेला नव्हता. मिस्त्रीनं स्लॅबवर सोडलेला पाण्याचा पाइप ओढून भावाच्या अंगावर धरला. सेफ्टीबाईनं गुडघे टेकून पट्टा सैल केला आणि मनगटावरच उलटा वळवून पाहिला. मागे नऊ नंबर होता. नऊ मिस्त्रीचा.

आणि सकाळपासून मिस्त्रीच्या मनगटावर होता तो दहा नंबर, भावाचा. अजूनही तिथंच होता. शर्टाची बाही खाली ओढून तो निळ्या खुर्चीत बसून होता.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा चौघंही एकदम उठले. वेळेत आणलंत, असं त्यांनी आधी सांगितलं, आणि पुढचं कोणी धड ऐकलंच नाही. उष्माघात होता. ताप उतरलाय, शुद्धीवर आहेत, बोलतायत, पाणी मागतायत. पाणी मिळत नाही म्हणून नर्सवर डाफरलेसुद्धा. तीन दिवस ठेवून घेऊ. वर लगेच पाणी मारलंत ते फार बरं केलंत, आणखी दहा मिनिटं गेली असती तर मला असं हसून सांगता आलं नसतं.

काकूचा जीव भांड्यात पडला तो असा की ती मटकन खाली बसली. मग उठून तिनं पुतणीला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर रडायला लागली. चुकलं माझं, म्हणाली, काय काय बोलले तुला, तुझ्या पट्ट्यानंच वाचवलं त्यांना. सेफ्टीबाई लाकडासारखी उभी होती. हे आभार घेता येत नव्हते आणि नाकारायचे तर खरं सांगावं लागणार होतं.

डॉक्टरबाई जाता जाता थांबल्या. "एक विचारायचं होतं. त्यांचा रक्तदाबही बराच वाढलाय, आजचा नाही हा. गेले काही आठवडे दुपारचा त्रास होत असणार. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

प्रश्न साधा होता आणि कोणा एकाला विचारलेला नव्हता. पण मिस्त्रीला तो थेट लागला. लेक सांगणार नाही हे त्याला दिसत होतं. ती बापासाठी खोटं बोलणार नाही, पण आपणहून तोंडही उघडणार नाही. आता गप्प बसलं तर सगळं इथंच मिटलं असतं. त्यानं शर्टाची बाही वर केली.

"लक्षात आलं होतं," तो म्हणाला. "हिनं मला तीनदा सांगितलं. हा पट्टा पैलवानाचा आहे. माझा त्याच्या हातात होता. रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागे आम्ही बदलायचो."

काकूला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं डोळे पुसले आणि तिचा आवाज एकदम शांत झाला. या घरात काकू ओरडली तर कोणी घाबरत नसे. शांत झाली की घाबरत.

"म्हणजे ही सांगत होती की नाडी वाढतेय," ती म्हणाली, "आणि तुम्हाला माहीत होतं की ती नाडी यांची आहे."

"हो."

"आणि तुम्ही हसलात, भाऊजी."

"मला वाटलं यंत्र खोटं बोलतंय. म्हटलं, पैलवानाला काय होणार आहे. मला वर राहायचं होतं, दुसरं काही डोक्यात आलंच नाही. खाली उतरवलं तरी बदलत राहिलो, वाटलं माझे खरे आकडे याहून वाईट निघतील. तो पडला त्याला कारण मी आहे."

काकू उठली आणि समोरच्या रांगेत जाऊन बसली. क्षणभरानं मिस्त्रीणही उठली, मला अदलाबदल माहीत नव्हती पण यांचं गरगरणं माहीत होतं आणि मी लपवलं, असं जावेला सांगून तिच्या शेजारी बसली. पस्तीस वर्षांत बायको आपल्या विरुद्ध रांगेत बसल्याचं मिस्त्री पहिल्यांदाच बघत होता. लेक मात्र जागची हलली नाही. तिच्यात आणि बापात आता एक रिकामी खुर्ची होती, एवढंच.

आत बोलावणं आलं तेव्हा नर्सनं दोघंच चला म्हणून बजावलं आणि आतून पैलवानानं सगळे या म्हणून आवाज दिला. आवाज नेहमीच्या निम्मा होता, पण ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. हाताला सलाईन, कपाळावर ओला कपडा, आणि चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं हसू. बायकोचं तोंड बघून त्याला बाहेर काय झालं ते न सांगता कळलं.

"दादाला काही बोलू नकोस," तो म्हणाला. "बदलायचं माझंच डोकं. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, माझा घाल, आकडे बघून कंत्राटदार तुला आणखी दोन मजले वर चढवेल."

मग त्यानं जे सांगितलं त्यावर हसावं की रडावं हे कोणाला कळेना. पट्टा त्याच्या मनगटावर रोज दुपारी थरथरायचा. सावलीत बस, सावलीत बस म्हणून जीव खायचा. पैलवान त्याला दाद देत नसे. त्याचं म्हणणं, पट्टा दादाचा, तेव्हा काळजी दादाची चालली आहे, त्यात आपण कशाला बसायचं. उलट दादा खाली उन्हात उभा असेल म्हणून त्यानं दोनदा वरून हाक मारून त्यालाच पाणी प्यायला लावलं होतं.

"मी प्यालो," मिस्त्री खालच्या मानेनं म्हणाला.

काकूच्या ओठांचा कोपरा हलला. तिनं तो आवरला, पण मिस्त्रिणीनं तो बघितला आणि तिला हुंदका आला की हसू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पैलवानानं हात पुढे केला तो बायकोनं घट्ट धरला. राग गेला नव्हता. पण समोर जिवंत माणूस वेड्यासारखं बोलत असताना तो धरून ठेवायला फार जोर लागतो.

तेवढ्यात सेफ्टीबाईला काहीतरी सुचलं. तिनं घाईघाईनं फोन काढला आणि काकाच्या नावावरचं पान उघडलं. ते तिनं तीन आठवड्यांत एकदाही नीट बघितलं नव्हतं. कधी तक्रारच आली नव्हती, बघायचं कशाला. ती बोट सरकवत गेली, थांबली, पुन्हा पहिल्या दिवसापासून बघितलं.

"बाबा, हे तुमचे आकडे आहेत," ती म्हणाली. परवापासूनचं ते पहिलं सरळ वाक्य होतं. "एकवीस दिवस. एकदाही लाल नाही. आज सहा मजले पळत चढलात तेव्हा नाडी एकशे साठ झाली आणि पाच मिनिटांत खाली आली. माझी इतकी लवकर येत नाही."

मिस्त्री पलंगाच्या कडेवर बसला. तीन आठवडे रोज सकाळी उठल्यावर तो छातीवर हात ठेवून बघत होता आणि बायको उठली की हात काढत होता. मग गरगरतं कशानं, एवढंच त्यानं विचारलं. यावर मिस्त्रिणीनं तो वर लांबचं, खाली जवळचं अशा दुहेरी भिंगांचा चष्मा आणल्यापासूनच गरगरतंय हे आपण पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं याची आठवण करून दिली. सलाईन बघायला आलेल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून डोळ्यांपुढे धरला. शिडी उतरताना खालच्या भिंगातून पायरी बघता का, म्हणून विचारलं. बघतो. मग पायरी हलणारच. उद्या नीट तपासून घ्या, पण मला हाच चोर वाटतो.

पैलवान सलाईनचा हात सांभाळून हसायला लागला. मिस्त्री रडला. लपवून वगैरे नाही, सगळ्यांसमोर, आणि कोणी त्याला गप्प केलं नाही.

बाहेर आल्यावर लेकीनं त्याला जिन्याजवळ थांबवलं. रिपोर्ट मला लिहावा लागेल, म्हणाली. कागदावर माझी सही आहे. तिचा आवाज कापत होता. सहाव्या मजल्यावरून उतरवताना कापला नव्हता, तो आता कापत होता.

"लिही," मिस्त्री म्हणाला. "पहिलं नाव माझं लिही. पैलवानाचं नंतर."

खाली दवाखान्याच्या अंगणात टोळी उभी होती. काम बंद करून माल वाहायच्या गाडीत बसून सगळे आले होते, सिमेंट लागलेल्या कपड्यांनिशी, आत सोडत नाहीत म्हणून भिंतीच्या सावलीत. मिस्त्रीला बघून पुढे आले. पैलवान बरा आहे हे ऐकून कोणी आकाशाकडे बघितलं, कोणी शेजाऱ्याच्या पाठीत बुक्की घातली. पांगण्याआधी मिस्त्रीनं हात वर करून थांबवलं. त्याला भाषण येत नव्हतं. पट्टे बदलल्याचं, लेकीच्या तीन इशाऱ्यांचं, आपल्या हसण्याचं, सगळं त्यानं माप सांगावं तसं सांगितलं. भाऊ गेला असता, म्हणाला, आणि मी खाली खांबाला ओळंबा लावत बसलो असतो.

मग सेंटरिंगवाला सुतार, ज्याला सगळे 'टांगा' म्हणत, त्यानं सावकाश मनगटावरचा पट्टा सोडला आणि शेजारच्या वेल्डरपुढे धरला. वेल्डरनं इकडेतिकडे बघून आपल्या हातावरचा, टांग्याचा, सोडला आणि त्याला दिला. मागे आणखी कोणीतरी बंद उघडल्याचा आवाज आला. मग आणखी एकाचा. सेफ्टीबाईच्या हातातला फोन थरथरायला लागला तो थांबेना: पट्टा काढला, पट्टा काढला, पट्टा काढला. तिनं नऊ जोड्या मोजल्या आणि मोजणं सोडलं. एकाच्या खिशातून तीन निघाले. ते तो रोज लोखंडाच्या थप्पीवर ठेवून देत असे, म्हणे, म्हणजे तिघंही आराम करताना दिसतील आणि कंत्राटदाराला राग येईल.

सेफ्टीबाईनं कपाळाला हात लावला. एकवीस दिवसांचे तिचे आकडे, तिचे तक्ते, सगळं पाण्यात. आणि त्या कागदाप्रमाणे उद्या साइटवर तीन माणसं उरणार होती, त्यात एक ती. ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. टोळीला आधी भीती वाटली, मग धीर आला.

"मॅडम," टांगा म्हणाला, "आकडे आधी कोणाला कळणार, ते तुम्ही कधी सांगितलंच नाही."

ती थांबली. खरंच सांगितलं नव्हतं. नियम सांगितले होते.

"ज्याचे त्याला आधी," ती म्हणाली. "त्याच्यानंतर मला. कंत्राटदाराला कोणाचेच नाहीत, आणि आकड्यांवरून कोणाला काढायचं नाही. हे मी रिपोर्टबरोबरच लिहून देते. नाही ऐकलं तर तो कागद मी काढते आणि माझी सहीपण."

हे तिनं नियमासारखं नाही, कबूल करावं तसं सांगितलं. टांग्यानं आपला पट्टा बांधला. बाकीच्यांनी लगेच बांधले असं नाही. दोघातिघांनी खिशातच ठेवले आणि बघू म्हणाले. पण कोणी परत बदलला नाही.

मिस्त्री दहा नंबरचा पट्टा सोडायला गेला तर एका हातानं बंद निघेना. तेव्हा काकू दारातून पुढे आली. नर्सनं दिलेली पैलवानाच्या सामानाची पिशवी तिच्या हातात होती. तिनं दिराचं मनगट धरलं, नवऱ्याचा पट्टा सोडवून पिशवीत टाकला आणि आतला नऊ नंबर काढला. वीस वर्षांत ती त्याच्या इतक्या जवळ कधी उभी राहिली नव्हती. तिनं पट्टा त्याच्या हाताला गुंडाळला आणि ओढून शेवटच्या भोकात अडकवला.

"घट्ट होतोय," मिस्त्री म्हणाला.

"होऊ दे," काकू म्हणाली.